लेथ का थांबतो

चेन्नईतल्या वेस्ट मांबलमच्या आपल्या फ्लॅटच्या मागच्या बाल्कनीत शेषाद्रीराव लाकूड कातायला बसले, की शेजारच्या पोरी हातातलं सोडून धावत यायच्या. विमा कचेरीत तीस वर्षं कारकुनी केली, पण गल्लीत ते ओळखले जात ते भातुकलीवरून. करंगळीएवढं लाटणं, पेरूएवढं उखळ. घरच्या छोट्या लेथवर त्यांचा हात असा चाले की बघत राहावं.

२००६च्या नवरात्रात त्याच हाताने दगा दिला. सकाळी कॉफीचा पेला उचलताना उजवा हात लुळा पडला आणि बारा दिवस इस्पितळात गेले. अर्धांगाचा झटका सौम्य होता, हात सुधारेल, असं डॉक्टर म्हणाले. सुधारलाही. सही जमू लागली, शर्टाची बटणंही.

महिन्याभराने त्यांनी लेथ सुरू केला. लाकूड छान गरगरलं. पटाशी टेकवली मात्र, लाकूड थांबलं. मोटर चालूच. पुन्हा टेकवली, पुन्हा तेच. हाताला दाब कळेनासा झालाय, पटाशी नको तितकी दाबली जातेय, आता संपलं, असं त्यांनी मनाशी धरलं. बायकोला, कनकाम्मांना, अवाक्षरानेही सांगितलं नाही. भुशावरून त्या आधीच कुरकुरत. लेथ विकायला त्यांना निमित्तच मिळालं असतं.

चार दिवस त्यांनी पटाशीला धार लावली, मऊ लाकूड आणलं. लाकूड थांबायचं ते थांबतच होतं. पाचव्या दिवशी वरच्या मजल्यावरची भाडेकरू रुचिरा खाली आली. मूळची साताऱ्याची, मोटारींच्या कारखान्यात इंजिनीअर. शेषाद्रीरावांनी तिच्या हाती पटाशी दिली.

"तू टेकव पाहू. हळू."

रुचिराने हळूच टेकवली. लाकूड थांबलं.

"अय्यो! तुझ्या हातीही थांबलं!" म्हातारा लहान पोरासारखा हसला. यंत्र बिघडल्याचा एवढा आनंद झालेला माणूस रुचिराने पहिल्यांदाच पाहिला.

"काका, मोटर दुबळी झाली असेल. बदलून टाका."

"बघितल्याविना?" कागद तपासल्याशिवाय पुढे न ढकलणारा कारकून त्यांच्यात जागा झाला. त्यांनी बाजूचं पत्र्याचं झाकण काढलं, मोटरवरून लेथकडे जाणारा पट्टा उतरवला. नुसती मोटर चालवली; उत्तम. लेथची पुली बोटाने फिरवली, लोण्यासारखी फिरली. मग उरलं काय? रुचिराने पट्टा वाकवून पाहिला. चीर नाही, झीज नाही. शेषाद्रीरावांनी त्यावर बोट फिरवून नाकाशी नेलं.

"तिळाचं तेल!"

"पट्ट्याला तेल? मग तो घसरणारच, काका. पण यंत्राला तिळाचं तेल घालतं कोण?"

कॉफी घेऊन आलेल्या कनकाम्मा दारातच थबकल्या. "मी घातलं," त्या म्हणाल्या. "आयुधपूजेस तुम्ही इस्पितळात. दरवर्षी तुम्हीच करता, यंदा कोण करणार? मीच झाकण काढलं, सगळ्यास तेल लावून पुसलं, गंध-कुंकू लावलं. हे यंत्र धड राहिलं तर तुमचा हातही धड राहील, असं मज वाटलं."

शेषाद्रीराव बायकोकडे बघतच राहिले. झाकणाचे स्क्रू कुठे असतात हे हिला ठाऊक असेल, असं लेथ घरात आल्यापासूनच्या वीस वर्षांत त्यांच्या मनातही आलं नव्हतं. खंडेनवमीच्या त्या दिवशी घर आणि इस्पितळ यांच्यामध्ये धावताना हिने वेळ तरी कधी काढला?

"पुढच्या वर्षीही तूच कर," ते म्हणाले. "पट्टा तेवढा सोड."

रुचिराने साबणाच्या पाण्याने पट्टा आणि पुल्या पुसल्या, कोरड्या केल्या. तेल रबरात मुरलंय, पुढे नवा पट्टा लागेल, पण आज निभेल, असं तिने बजावलं. पट्टा चढला, झाकण बसलं. शेषाद्रीरावांनी श्वास रोखून पटाशी टेकवली. लाकूड फिरत राहिलं आणि पांढरी सालपटं त्यांच्या मांडीवर पडू लागली.

काहीतरी म्हणायला त्यांनी मान वर केली. कनकाम्मा लाकडाकडे बघतच नव्हत्या. त्यांची नजर नवऱ्याच्या उजव्या हातावर खिळली होती. हे चार दिवस न सांगताही त्यांना सगळं दिसत होतं आणि त्या आपल्यापेक्षा कमी घाबरल्या नव्हत्या, हे शेषाद्रीरावांना तेव्हा कळलं.