मराठी परिवारास प्राधान्य

"तुमच्याकडे गौरी उभ्याच्या की खड्यांच्या गं?"

काकूंनी चहा पुढे केला आणि विचारलं. त्यांच्या इंदूरच्या विकाऊ फ्लॅटची किल्ली टेबलावर, माझ्या हाताजवळच होती. बँकेनं कर्ज मंजूर केलं होतं. मी म्हटलं, "आमच्याकडे गौरी बसत नाहीत काकू. आजोबांनीच बंद केल्या. घरात बुद्धाचा फोटो आहे."

"बरं." काकूंनी किल्ली उचलली. मुठीत धरली. "अगं, भाव जरा वाढलाय. आणि एक पार्टी आधीच बघून गेलीय."

माझा चहा अजून गार झाला नव्हता. तेवढ्यात भाव वाढला!

मी देवासची. इंदूरच्या एका दलालाकडे फ्लॅटचे फोटो काढते, जाहिराती लिहिते. रोज बसनं जाणं-येणं. आमचे पूर्वज संस्थानिकांच्या लवाजम्यात मशाली धरून माळव्यात आले. काकूंचे त्याच लवाजम्यात, दफ्तर सांभाळत. वाट एकच. म्हणून तर काकूंच्या जाहिरातीत 'मराठी परिवारास प्राधान्य' ही ओळ मीच घातली. मोठ्या हौसेनं. मराठी परिवार म्हणजे आम्हीसुद्धा, असं धरून चालले होते. काय खुळी मी!

त्या घराचे फोटोही मीच काढलेले. पूर्वेची बाल्कनी. सकाळचं ऊन थेट ओट्यापर्यंत येतं. आईला मी तिथं उभी केली होती, मनातल्या मनात तिची भाजी चिरूनसुद्धा झाली होती.

दलालाला सांगितलं. तो खाली बघत म्हणाला, "क्या करें बेन, आंटी को अपने वाले चाहिए."

जाहिरात तशीच राहिली. भावही तोच, जुना. आणि घर मिळालं मुग्धाला.

मुग्धा माझ्या वर्गातली. तिचे आजोबा संस्थानात अधिकारी. तिला मराठी धड वाचता येत नाही, माझी ती ओळ मीच तिला वाचून दाखवली होती. काकूंनी तिलाही गौरींचं विचारलं. पोरीनं तिथूनच आईला फोन लावला, "मम्मी, अपनी गौरी कौन से वाली?" खड्यांच्या निघाल्या. झालं! काकूंनी वर भाव थोडा कमी केला. हे सगळं मुग्धानंच मला हसत हसत सांगितलं.

मी जळले. खोटं कशाला बोलू? अंगाची लाही लाही झाली. तिच्या पगाराचा, गाडीचा मला कधी हेवा वाटला नव्हता. पण ते ऊन माझं होतं.

वास्तुशांतीला तिनं बोलावलं. गेले. बाल्कनीत झोपाळा टांगलेला. ओट्यावर ऊन. तिची आई तिथं उभी राहून काकडी चोचवत होती. नाश्त्याची पत्रावळ हातात घेऊन मी ओट्याकडे पाठ केली.

तेवढ्यात काकू आल्या. "फोटो काय सुरेख काढलेस गं! आता माझ्या जावेचा फ्लॅट विकायचाय. तश्शीच जाहिरात कर. ती मराठी परिवाराची ओळ विसरू नकोस हं."

हातातली पत्रावळ मी खाली ठेवली.

"ती ओळ मी लिहिणार नाही."

"का गं?"

"खोटी आहे म्हणून. मी मराठी नाही का काकू? लिहायचंच तर सरळ लिहा, आमच्या जातीचेच हवेत. खाली तुमचं नाव घाला."

मुग्धा माझा हात ओढत म्हणाली, "यार, आज के दिन तरी नको ना." मी हात सोडवून घेतला.

घरी पोचायच्या आत दलालाचा फोन. "आंटी नाराज हैं. सॉरी बोल दो, बात खतम."

"नहीं बोलूंगी, भिया."

काम गेलं. आई म्हणाली, जाऊ दे, आपल्या नशिबात नव्हतं ते घर. मी तिला म्हटलं, नशिबाचं नाव काढू नकोस. नशिबानं नाही, एका बाईनं मुठीत धरलं ते.

आता मी माझ्याच फोनवरून जाहिराती करते. ती ओळ माझ्या हातून पुन्हा जाणार नाही, एखादं घरमालक गिऱ्हाईक सुटलं तरी चालेल. आणि माझी जळजळ मी विझू देणार नाही. मला पूर्वेची बाल्कनीच हवी. इंदूरमध्येच, ह्यांच्याच शेजारी. पुन्हा घर बघायला जाईन तेव्हा दारातच आडनाव सांगीन, कोणी विचारायच्या आत. चहा नको म्हणीन.

किल्ली टेबलावर ठेवा. भाव बोला.