शेठच्या फळीवरचे डबे

सोमवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मी दूध पावडरचा नवा डबा उघडला आणि खवट वास नाकात गेला. जुन्या तेलासारखा! आमची पिंकी सहा महिन्यांची. टायफॉइडनंतर माझं दूध आटलं, गाईचं तिला पचत नाही. जुना डबा रात्रीच संपलेला. म्हणजे घरात तिच्या पोटासाठी होतं ते एवढंच.

"शेठकडे जाऊन बदलून आण," असं म्हणून हे अंबडच्या कारखान्यात फर्स्ट शिफ्टला निघून गेले. जसं काही शेठ बदलून द्यायला बसलाय!

आमच्या लाइनीतले माल परत करायचे किस्से म्हणजे कांद्याचं पोतं. एक उचलला की खालून दुसरा घरंगळतो, आणि हाताला वास राहतो तो राहतोच. कोपऱ्यावर शेठचं दुकान. किराणा, साड्या, कटलरी, औषधाच्या बाटल्या, सगळं एकाच छपराखाली. न्यायला सोपं, म्हणून परत आणायलाही सोपं!

सुरुवात शेजारच्या सिंधूवहिनींनी केली. सायखेड्याला भाचीचं लग्न होतं. शनिवारी मोरपंखी साडी नेली, सोमवारी परत! "रंग अंगाला शोभत नाही हो."

शेठनं घडी उलगडली तर निऱ्यांतून अक्षता खाली! पिवळ्याधमक.

वहिनी जराही हलल्या नाहीत. "तांदूळ आणि साड्या एका दुकानात ठेवले की असंच होणार!"

शेठनं साडी परत घेतली. काय करतो, वहिनींचा महिन्याचा किराणा मोठा.

मग शेवंतामावशी. या देवळ्याकडच्या, मुलाकडे राहतात. त्यांनी उंदराचा पिंजरा नेला आणि चौथ्या दिवशी परत आणून काउंटरवर ठेवला. "उंदीर सापडला. आता पिंजऱ्याचं काय लोणचं घालू?"

शेठ चिडून म्हणाला, "मग उंदीरपण आणायचा होता!"

मावशी त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या, "पिंजरा तुमना, उंदीर मना घरना शे!"

दुकानातली गिऱ्हाइकं हसून हसून बेजार. त्याच संध्याकाळी शेठनं पाटी रंगवून घेतली : एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

पाटीचा पहिला मान मात्र मला मिळाला. आता लपवून काय करू! पिंकीचं अंग मला गरम लागत होतं म्हणून थर्मामीटर आणला. दहा वेळा लावला, ताप दाखवीना. मी तो घेऊन दुकानात. "शेठ, बिघडलेला आहे. ताप दाखवतच नाही."

"वहिनी, पोरीला ताप नसेल!"

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

बिचाऱ्यानं बदलून दिला. दुसराही ताप दाखवीना. मी तोही परत नेला! शेठनं हात जोडले आणि बोटानं पाटी दाखवली.

अशी माझी ख्याती. आता सोमवारी हातात डबा, कडेवर भुकेनं रडणारी पिंकी, आणि समोर शेठ.

"वहिनी, पाटी वाचता येते ना?"

"सातवी पास आहे मी. वास घेऊन बघा."

"त्या दिवशी थर्मामीटर, आज डबा. माल एक नंबर आहे. तुमच्या मनातच खवट झालंय!"

साखर घ्यायला आलेले गायकवाड भावोजी मध्ये पडले. ते कचेरीत क्लार्क. "घाबरू नका वहिनी, ग्राहकाचा नवा कायदा आलाय. अर्ज करायचा, तीन प्रती, सोबत पावती. आणि डब्याला हात लावायचा नाही, तो पुरावा!"

"निकाल कधी लागतो?"

"लागतो की. आपली बाजू खरी असली की लागतोच."

"भावोजी, तोवर ही दात येऊन भाकरी खायला लागेल! आता या घडीला काय पाजू?"

भावोजी साखर घेऊन निघाले.

मला काय सुचलं कोण जाणे. शेठचा पाण्याचा पेला उचलला, दोन चमचे पावडर टाकली, ढवळली आणि त्याच्यापुढे धरला. "माल एक नंबर आहे ना? घ्या एक घोट. मग मी जाते."

पेल्यात पिवळ्या गुठळ्या तरंगत होत्या. गिऱ्हाइकं माना पुढे काढून बघायला लागली. पिंकीसुद्धा रडायची थांबली.

शेठनं पेला नाकाजवळ नेला आणि झटकन खाली ठेवला. "आज माझा उपास आहे."

मागून शेवंतामावशी म्हणाल्या, "उपासले दूध चालस की, शेठ!"

शेठ आत गेला आणि वेगळ्या खोक्यातला डबा घेऊन आला. मी तिथेच उघडला, वास घेतला, चिमूटभर जिभेवर ठेवली. गोड, ताजी. मावशींनी घरून उकळलेलं पाणी आणलं आणि पिंकी दुकानाच्या पायरीवरच बाटली प्यायली.

उठताना वर पाहिलं. फळीवर माझ्या डब्यासोबत आलेले नऊ डबे तसेच रांगेत उभे होते.

"शेठ, आणि हे?"

शेठनं वर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, अगदी सरळ मनानं म्हणाला, "ते अजून कुणी परत आणलेले नाहीत!"

आज सकाळी मीठ आणायला गेले तर फळीवर सात होते. दोन कुणी नेले ते शेठ सांगत नाही. आमच्या लाइनीत तर कुणी नेलेले नाहीत, मी दार ठोठावून विचारून आले. तुमच्या गल्लीत कुणाकडे तान्हं असेल तर आधी डब्याचा वास घ्यायला सांगा, आणि त्या आईला म्हणावं, पुढच्या दारी तूही सांग.