शेवईएवढी गुठळी

डॉक्टरांनी पांढऱ्या गॉजवर ठेवून ती गुठळी आम्हाला दाखवली. काळपट लाल, शेवईच्या तुकड्याएवढी. सकाळी मेथी निवडताना माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या, हातातली जुडी गळून पडली होती. तोंड वाकडं झालं आणि शब्दच फुटेनात. डॉक्टरांनी जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी थेट मेंदूपर्यंत नेली आणि तारेच्या जाळीत अडकवून गुठळी बाहेर ओढली.

“एवढीच?” अक्काच्या यजमानांनी, भाऊजींनी, विचारलं.

“एवढीच. लगेच आणलंत म्हणून बरं,” डॉक्टर म्हणाले.

मी त्या तुकड्याकडे पाहत राहिलो. माणूस आपल्याला केवढा अफाट वाटतो! अक्काचं रागावणं, तिचं गुणगुणणं, तोंडपाठ असलेलं सारं नातंगोतं, हे सगळं इतक्या अरुंद वाटेच्या भरवशावर चाललेलं असतं, आणि ती वाट आपण कधी पाहिलेलीही नसते.

संध्याकाळी अक्काने डोळे उघडले. भाऊजी खाली वाकले. तिने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं.

“दाढी... नाही केलीत?”

शब्द जड होते, पण तिचेच होते.

भाऊजी गालांवरून हात फिरवत राहिले. ते नुसते खुंट चाचपत नव्हते, ओले गालही पुसत होते, म्हणून मी दुसरीकडे पाहिलं.