बाबांचे कान आणि कराची खिडकी

माझे बाबा इंजिनं दुरुस्त करतात. पाना हातात घेण्याआधी स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि आतला बिघाड ऐकायचा, ही त्यांची चाळीस वर्षांची पद्धत. कान गेले तसे ते मूठ दातांत धरायला लागले. थरथर दातांतून पोचते, त्यामुळे इंजिनं अजून कळतात. पण माणसांना स्क्रूड्रायव्हर कुठे लावणार?

श्रवणयंत्र घेतलं तर करात सवलत मिळते, असं वाचून मी त्यांना ओढतच कर कार्यालयात नेलं. रांगेत त्यांचा पाय एका जागी ठरेना. "चल गं, दोन गाड्या खोळंबल्यात," एवढंच चाललेलं.

खिडकीतल्या बाईंनी कागद चाळले आणि त्या हळूच म्हणाल्या, "यांना कर बसतच नाही. मग सवलत कशातून देणार?"

"काय म्हणतात?" बाबांनी विचारलं.

मी कानाशी लागून सांगितलं.

"काय?"

पुन्हा सांगितलं.

"अगं, नीट बोल की!"

माझं डोकंच फिरलं. मी ओरडले, "तुमची कमाई इतकी कमी आहे, की सवलतसुद्धा मिळत नाही!"

अख्खी रांग वळून बघायला लागली. बाबांनी कागदांची घडी करून खिशात घातली.

"ओरडतेस कशाला?" ते म्हणाले. "ऐकू येतं मला."