तिला मी सांगितलेला शेवट

बिडी वळायला डोळे लागत नाहीत, हात सवयीनं चालतात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. बाई कुठंही बघत असो, बिडी तयार होत राहते. माझी बायको सोलापूरच्या भवानी पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत जन्मभर अशी वळत बसली. डोळे मोकळे असायचे म्हणून टीव्हीवरच्या सगळ्या सासवा-सुना तिनं बघून संपवल्या. मग नातीनं तिला जपानी कार्टून दाखवलं.

नात म्हणजे माझ्या मुलाची मुलगी. ते तिकडं जुळे सोलापूर या नव्या भागात फ्लॅटमध्ये राहतात. ती कॉलेजात शिकते. दर रविवारी स्कूटीवर यायची, साखरेच्या डब्याला टेकवून मोबाईल उभा करायची आणि आजीला चिकटून बसायची. कार्टूनमधली माणसं जपानी बोलायची, खाली इंग्रजी अक्षरं पळायची, ती वाचून नात आजीला मराठीत सांगायची. मी कार्टून म्हटलं की चिडायची. "आबा, ॲनिमे म्हणा हो." मी कार्टूनच म्हणायचो.

गोष्ट अशी होती. आभाळात टांगलेलं एक शहर. त्याचे दिवे पेटायला जमिनीच्या पोटातली ऊब लागते. ती आणायला कंपनी लहान लहान पोरांना डोंगराएवढ्या लोखंडी पुतळ्यांत बसवून खाली सोडते. पोरं वर आली की त्यांचे हात तपासतात. ज्याचा हात थरथरला तो नापास. पण नापास पोराला घरी जाऊ देत नाहीत. आणखी खाली, फुकट कामाला लावतात.

"ही छाट हाय की!" बायको म्हणाली.

छाट म्हणजे काय, ते बिडीवाल्या घरात सांगावं लागत नाही, बाकीच्यांना सांगतो. बाई माल घेऊन कारखान्यात गेली की तिथला तपासणारा काही बिड्या खराब म्हणून बाजूला काढतो. त्यांची मजुरी मिळत नाही. पण त्या बिड्या परतही देत नाहीत, तिथंच ठेवून घेतात. खराब आहेत तर तुम्हाला कशाला पाहिजेत, असं विचारायची सोय नाही. विचारलं तर पुढच्या वेळी छाट वाढते.

नातीनं आजीचं ते बोलणं मोबाईलवर भरून घेतलं आणि खाली इंग्रजी लिहून आपल्या ग्रुपवर टाकलं. ग्रुप म्हणजे देशभरातली पोरं, सगळी डाव्या विचारांची आणि सगळी कार्टूनवेडी. गोष्टीत मालक कोण, मजूर कोण, हे शोधायचं आणि त्यावरून भांडायचं, हा त्यांचा उद्योग. एक म्हणायचा, ते लोखंडी यंत्र म्हणजे भांडवल. दुसरी म्हणायची, छे, यंत्र म्हणजे सैन्य. तिसरा त्या दोघांनाही खोटे डावे म्हणायचा. या भांडणात आजीची छाट जाऊन पडली आणि सगळ्यांनी उचलून धरली. इंग्रजी बोलता बोलता मध्येच पोरं छाट म्हणायला लागली. केरळातला एक मुलगा ते इतकं वेडंवाकडं म्हणायचा की बायको खोकला येईपर्यंत हसायची.

ती काही पंडित नव्हती. तिला सगळ्यांचे डोळे सारखेच मोठे दिसायचे. कंपनीच्या साहेबीणबाईला ती कित्येक भाग गोष्टीतल्या मुख्य पोराची आई समजत होती. नातीनं तेही ग्रुपवर टाकलं, तर त्यावर कुणीतरी लांबलचक लिहून काढलं, की मालकीण हीच आई वाटावी यात मोठा अर्थ आहे. बायको म्हणाली, "आता माझ्या चष्म्याचा नंबर बी राजकारणात गेला."

मी आत खाटेवर पडून हे सगळं ऐकायचो. मी यंत्रमागावर होतो, लाल बावट्यात होतो. संप केलेत, गेटवर उन्हात उभा राहिलोय. मला हसू यायचं आणि रागही यायचा.

एकदा बोललोच. "क्रांती करायची तर मोर्च्याला जावा. गादीवर लोळून जपान्यांची चित्रं बघून कसली आलीय क्रांती?"

"तुमच्या मोर्च्यानं काय केलं?" बायको सुपातून मान वर न करता म्हणाली. "मला पाय चेपाय लावले."

नात इतकी हसली की मोबाईल आडवा झाला.

खरं काय ते लिहितो. माझा जळफळाट व्हायचा. इतक्या वर्षांत माझं मत कुणी विचारलं नाही. सभेत मी सतरंजी उचलणारा. आणि हिचं मत कोलकात्याहून, लातूरहून विचारत होते. रविवारी त्या खोलीत हसणं चालायचं, त्यात मला जागा नव्हती. या म्हणायच्या दोघी, नाही असं नाही. मीच गेलो नाही.

मग तिचा खोकला वाढला. तंबाखूच्या धुळीनं छाती आतून खाल्ली होती. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता सूप बंद, धूळ नको, आराम करू द्या. मी नातीला सांगितलं, "डॉक्टर म्हणालेत मोबाईल नको. डोक्याला ताण पडतो. येऊ नकोस काही दिवस."

तिनं ऐकलं. गुणी पोर आहे. फोनवर चौकशी करायची, यायची नाही. बायको रविवारी दाराकडं बघायची. "परीक्षा हाय तिची," मी सांगायचो.

त्यात कार्टूनचा शेवटचा भाग आला. नातीचा फोन आला. "आबा, थोडा वेळ येऊ का? आजीला शेवट तेवढा दाखवते." मी नको म्हटलं. "मग तुम्ही तरी सांगा तिला, मी सांगते ते नीट ऐका." आणि ती सांगत बसली. मी फोन कानापासून लांब धरला. गॅसवर पेज होती, ती ढवळत होतो. मधूनमधून हूं म्हटलं. पोरगं, यंत्र, दिवे असं काहीबाही कानावर आलं. फोन ठेवला.

आतून बायकोनं विचारलं, "काय म्हणाली? झाला का शेवट?"

"झाला."

"त्या पोराचं काय झालं?"

मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नाही म्हणालो असतो तर ती म्हणाली असती, लावा फोन पोरीला. मग परीक्षेचं निघालं असतं, डॉक्टरांचं निघालं असतं. मी पेजेची वाटी घेऊन आत गेलो आणि सांगून टाकलं, "पोरगं घरी आलं. कंपनी सुधारली. सगळ्यांना पगार मिळाला."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "छाट परत दिली का?"

"दिली की."

"बरं," म्हणाली, आणि भिंतीकडं तोंड केलं. पेज राहिली.

त्यानंतर ती बोलली ते पाणी द्या, पाठीला उशी लावा, एवढंच. चार दिवसांत गेली.

दहाव्याला पिंड ठेवला. कावळा शिवला नाही की मेलेल्या माणसाचं काहीतरी राहिलंय असं आपल्याकडं धरतात. मग ज्याला त्याला काय काय कबूल करावं लागतं. माझा मुलगा तयारीत उभा होता, नातीचं शिक्षण पुरं करीन म्हणणार होता. मी मनात धरून बसलो होतो, कावळा अडला तर खोट्या शेवटाचं सगळ्यांसमोर सांगायचं. पण पान मांडून लोक मागं सरले नाहीत तोच कावळा आला आणि शिवला. बायका म्हणाल्या, "तृप्त गेली हो, भाग्याची." कावळ्याला भूक लागलेली होती, दुसरं काही नाही. पण माझं तोंड बंद झालं ते त्याच्यामुळं.

पुढच्या रविवारी नात आली. तिच्या ग्रुपनं त्या शेवटावर चर्चा ठेवली होती, आजीच्या आठवणीत. ती माझ्याजवळ खाटेवर बसली.

"आबा, तुम्ही शेवट सांगितला ना तिला?"

"सांगितला."

"मग काय म्हणाली? सगळे विचारतायत. तिचं शेवटचं मत."

"बरं म्हणाली."

"एवढंच?"

"एवढंच."

तिनं ते टाईप केलं. थोड्याच वेळात मोबाईल किणकिणायला लागला आणि ती मला एकेक वाचून दाखवायला लागली. एकाचं म्हणणं, हे कष्टकरी बाईचं समाधान आहे, झगडा कसा संपतो ते तिला आधीच माहीत होतं. एकीचं म्हणणं, समाधान कसलं, ही हार आहे, मालकापुढं बाया असंच बरं म्हणतात. लातूरच्या मुलीनं लिहिलं, माझी आई बरं म्हणते तेव्हा तिला काहीच बरं वाटत नसतं. मग त्यांची जुंपली. नात वाचताना हसत होती आणि डोळे पुसत होती. "बघा आबा, एका शब्दावर किती चाललंय." लातूरची पोरगी बरोबर बोलली होती.

मग नातीनं आजीचा एक जुना आवाज लावला, आजारपणाच्या आधी भरलेला. शेवट कसा व्हावा, असं तिनं आजीला विचारलं होतं. मागं कात्रीचा आवाज येत होता.

"पोरगं घरी आलं आन् सगळं गोड झालं, तर मी न्हाय मानणार. ते मालकानं लिवल्यावानी हुईल."

मी म्हटलं, "खरा शेवट दाखव मला."

"तुम्हाला माहितेय की."

"दाखव."

तिनं डब्याला टेकवून मोबाईल उभा केला. मी पहिल्यांदाच तिथं, सतरंजीवर बसलो. ती वाचत गेली. पोरगं घरी येत नाही. तळातली नापास पोरं आपापल्या लोखंडी पुतळ्यात बसतात आणि हात मांडीवर ठेवतात. कुणी काही बोलत नाही. वर शहरातले दिवे एकेक करून विझत जातात. जिंकले का हरले, दाखवतच नाहीत.

गेटवर आम्ही असेच बसायचो. हे तिच्या शेजारी बसून मी बघू शकलो असतो, ती सूप बाजूला सारून म्हणाली असती, बघा तुमचा संप आला. तिला मी हे मिळू दिलं नाही. वर खोटं सांगितलं, ते पण तिनं नको म्हटलेलंच.

"तुझ्या ग्रुपवर आवाज पाठवता येतो ना?" मी म्हटलं. "लाव."

तिनं अंगठ्यानं बटण दाबून मोबाईल पुढं धरला. मी म्हणालो, "तुमी भांडू नका पोरांनो. ती बरं म्हणाली ते या शेवटाला न्हाय. तिला ह्यो शेवट कळलाच न्हाय. मी तिला खोटाच सांगितला, पोरगं घरी आलं म्हणून. ते बरं मला हुतं."

नातीचा अंगठा बटणावर तसाच राहिला. मग तिनं तो उचलला. पाठवलं की पुसलं, मला दिसलं नाही. मोबाईल पर्समध्ये टाकला, चप्पल घातली, हेल्मेट हातात घेतलं. दारात थांबली.

"आबा, डॉक्टर मोबाईल नको म्हणाले होते ना?"

"न्हाय," मी म्हणालो. "धूळ नको म्हणाले हुते."

ती जिना उतरून गेली. मी खिडकीशी गेलो नाही. खाली स्कूटी सुरू व्हायची वाट बघत बसलो. ती बराच वेळ सुरू झाली नाही.