भूपाल अण्णांच्या टाकीतली मंडळी

निपाणीत आमच्या शेजारी भूपाल अण्णांच्या सोप्यात समुद्र आहे. म्हणजे काचेची टाकीच, पण पाणी खारं. आत दोन मासे, बाकी सगळ्या कोळंब्या आणि गोगलगायी. मी रोज तिथं जाऊन बसतो. काचेवर शेवाळ साठतं तसे किस्सेही साठतात. शेवाळ गोगलगायी खातात, किस्से कोण खाणार? म्हणून सांगतो.

*

टाकी आली तेव्हा अण्णांच्या पत्नी सुमन आक्का दारात आडव्या उभ्या. जैनाचं घर!

"ही गोगलगाय काय खाती?"

"शेवाळ."

"चालंल. आन् कोळंबी?"

"माशांच्या अंगावरचं किडं टिपती. मासं स्वतः येऊन उभं ऱ्हात्यात तिच्याम्होरं."

आक्कांनी बराच विचार केला. "मग डॉक्टर हाय ती. असूं दे!"

*

एकदा दूध घालायला आलेला मारुती टाकीजवळ थबकला. "आक्का, तुमची एक गेली बघा."

तळाशी कोळंबी पडलेली. मिशा, पाय, सगळं जागेवर. आक्कांनी चहा खाली ठेवला. तेवढ्यात दगडामागनं तीच कोळंबी नवीकोरी होऊन बाहेर! कात टाकली होती.

आक्का काचेला म्हणाल्या, "बाई गं, सांगून तरी बदलायचा अंगरखा!"

*

गोगलगाय उताणी पडली की बऱ्याचदा तिला सुलटं होता येत नाही. अण्णा सकाळी काठी घेऊन फेरी मारतात, पडलेलीला हलकेच उठवतात. एवढी माया मी माणसांत कमी बघितली.

अनगोळला लग्नाला गेलतो. जेवता जेवता अण्णांनी घरी फोन लावला, "कोण उताणं पडलंय का बघ."

शेजारचे पाव्हणे घास थांबवून म्हणाले, "घरात कुणाला बरं न्हाय?"

"गोगलगायी हैत. तुम्ही जेवा."

*

आणि हा अण्णांच्या मोतीबिंदूच्या वेळचा. अण्णा बेळगावला दवाखान्यात. टाकीतलं पाणी उडतं, मीठ मागं राहतं, म्हणून वरनं रोज गोडं पाणी घालायचं असतं. त्या दिवशी फिल्टरचं संपलं. आक्कांनी घरातलं सगळ्यात चांगलं पाणी घातलं, माहेरहून आलेल्या तांब्याच्या हंड्यातलं!

दुपारी गोगलगायी काचेवरनं टपाटप खाली. कोळंबी आडवी, आणि तिच्या पोटाखाली हिरवी अंडी.

फोनवर अण्णा विचारतात, "पाणी कुठलं घातलंस?"

"हंड्यातलं."

अण्णा हळूच म्हणाले, "तांबं त्यांना इख हाय गं. पिंपात खारं पाणी कालवून ठेवलंय. ते बादलीत घ्या, आन् सगळ्यांना त्यात काढा. भिऊ नको."

ज्या आक्कांनी कधी टाकीत बोट घातलं नव्हतं, त्यांनी कोपरापर्यंत हात घातला. एकेक गोगलगाय माझ्या तळहातावर देत होत्या आणि णमोकार म्हणत होत्या. कोळंबीला ओंजळीत काढलं. मग बादलीपाशी बसून राहिलो दोघं. आक्का मला म्हणाल्या, "तात्या, ह्येंनी लेकरांगत सांभाळल्यात हो."

सकाळी एका गोगलगायीनं शिंग बाहेर काढलं. मग दुसरीनं. कोळंबी मिशा हलवत बादलीभर फिरू लागली, अंडी तशीच हिरवी!

अण्णा डोळ्याला हिरवी पट्टी लावून आले. आधी बादलीत वाकले, मग खुर्चीत बसले. आक्कांनी स्टीलच्या पेल्यातनं पाणी आणलं.

"हंड्यातलं दे की."

"त्यो माळ्यावर टाकला. टाकीतल्यांना सोसत न्हाय."

"मी काय टाकीत ऱ्हातो व्हय?"

"मग कुठं ऱ्हाताय?"