इंजिनाची आंघोळ

पणदऱ्याच्या फाट्यावर एसटीतून उतरलो आणि सगळ्यांत आधी दिसला तो धूर. उसाच्या शेंड्यांवरून एक काळा ढग सरकत येत होता. जवळ आल्यावर त्याखालून ट्रक निघाला, आणि ट्रकात आमचे दाजी. मला घ्यायला आलेल्या मालनताईने ट्रक दिसायच्या आधीच ओळखलं होतं. "आलं बघ तुझं दाजी," ती म्हणाली. ताई मूळची आमच्या चिपळूणची, पण लग्नानंतर तिने इथली बोली अशी काही उचलली आहे, की आईला तिच्याशी फोनवर बोलताना दुभाषी लागावा!

धुराचं कारण जेवताना कळलं. हंगामाआधी दाजींनी ट्रकला मोठा टर्बो (इंजिनात हवा कोंबणारा पंखा) आणि नवे इंजेक्टर (डिझेलचा फवारा मारणाऱ्या नळ्या) बसवून घेतले होते. बारामतीच्या मिस्त्रीने काम चोख केलं, पण इंजिनाचा कॉम्प्युटर उघडायची सोय त्याच्याकडे नव्हती. तो बिचारा कॉम्प्युटर अजून जुन्याच पार्टांच्या हिशेबाने डिझेल सोडत होता. त्यामुळे ट्रक चढावर गचके खायचा आणि धूर ओकायचा. परवा सकाळी टोळी (ऊसतोड कामगारांचा गट) उसाच्या फडात उतरणार होती. भरलेला ट्रक शेतात अडकला की तोडलेला ऊस वाळतो. म्हणून मुकादमाने बजावलं होतं, की गाडी धड झाली नाही तर टोळी दुसऱ्या ट्रकवाल्याकडे जाईल. दाजींचा अख्खा हंगाम त्यावर होता. एरवी गप्पिष्ट माणूस, पण त्या दिवशी भाकरी मोडून नुसताच बसला होता.

"इंदापूरला बिरू हाय," शेवटी ते म्हणाले. "त्योच करंल."

दुसऱ्या दिवशी निघालो. ताईही केबिनमध्ये चढून बसली. तिला नको म्हणायची आमची दोघांची प्राज्ञा नव्हती. आधी बारामती एमआयडीसीत गेलो. मोटारसायकलींची रांग कारखान्यांच्या फाटकांतून आत शिरत होती. तिथे पेंडीची पोती भरली, कारण बिरू म्हणे रिकाम्या गाडीला हातच लावत नाही. मग लासुर्णे, निमगाव केतकी असा रस्ता. दोन्ही बाजूंना ऊस, मधूनच डाळिंबाच्या बागा. एका चढावर ट्रकने असा धूर सोडला की मागचा मोटारसायकलवाला पार काळवंडला. आम्हाला गाठून तो ओरडला, "ओ पाव्हणं, वीटभट्टी घिऊन चाललाय व्हय?" मी हसलो. दाजी हसले नाहीत.

बिरूचं पत्र्याचं शेड इंदापूरच्या बाहेर, सोलापूर हायवेला लागून आहे. डोळ्यांवर गॉगल, टायरांच्या चळतीवर लॅपटॉप, आणि तोंडात स्वतःचं कौतुक. "पुण्यासनं गाड्या येत्यात माझ्याकडं," त्याने चहाआधीच सांगून टाकलं. त्याचे वडील मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडायचे. "आमचा म्हातारा कुठलं मेंढरू खोकतंय ते डोळं झाकून सांगायचा. मी इंजिनाचं सांगतो." माणूस बढाईखोर खरा, पण मला आवडला.

केबिन पुढे झुकवून त्याने इंजिनात डोकं घातलं आणि लगेच बाहेर काढलं. नवे इंजेक्टर हळदी-कुंकवाने माखले होते. ताईने दसऱ्याला गाडीची पूजा करताना तेलात कालवून भरभरून लावलेलं, ते आता घट्ट बसलं होतं.

"परत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर त्येचा कोड आसतोय," बिरू म्हणाला. "त्यो कॉम्प्युटरला सांगितल्याबिगर फुडचं काय जमायचं न्हाय. पुसा ह्ये."

दाजींनी फडकं उचललं, ताईकडे पाहिलं आणि हात तसाच राहिला. त्यांनी फडकं बिरूपुढे धरलं. त्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले. "संपतराव, तुमच्या घरच्या लक्ष्मीनं लावल्यालं कुंकू मी पुसू? न्हाय जमायचं." मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. अशा गोष्टींवर माझा विश्वास नाही, हे मी चारचौघांत मोठ्याने सांगतो. पण समोर सख्खी बहीण उभी होती. मी हायवेवरची वाहनं न्याहाळू लागलो.

ऊन उतरणीला लागलं होतं. सकाळी फड, आणि आम्ही तीन बाप्ये एका फडक्याभोवती उभे! ताई मात्र इंजिनाकडेच बघत होती. मग ती म्हणाली, "देवाला रोज आंघूळ घालताना कालचं कुंकू जातंच की. आंघूळ झाल्यावर परत लावायचं. ह्यास्नी बी आंघूळ घालू."

"पाण्यानं?" दाजी दचकले.

"इंजिनाला पाणी कशाला? डिझेल आना."

तिने पदर खोचला, ब्रश घेतला आणि एकेक इंजेक्टर देव्हाऱ्यातल्या टाकासारखा न्हाऊ घातला. खालून बारीक अक्षरं उमटली. बिरू मोठ्याने वाचत लॅपटॉपवर टाकत गेला. काम झाल्यावर ताईने पर्समधून कुंकवाची डबी काढली आणि कोड सोडून शेजारी एकेक बोट लावलं. बिरूने लॅपटॉप तिच्यापुढे धरला. "वैनी, ह्येला बी लावा."

मग भरल्या गाडीने हायवेवर फेऱ्या सुरू झाल्या. बिरू लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला. गाडी ओझ्याने चढावर दमली की डिझेल-हवेचं प्रमाण बघायचा, थांबवून बदलायचा, पुन्हा चढ घ्यायला लावायचा. शेवटच्या फेरीला दाजींनी आरशात पाहिलं. मागे स्वच्छ रस्ता होता. त्यांनी स्टेअरिंगवर थाप मारली आणि दिवसभरात पहिल्यांदा हसले. परतताना ढाब्यावर उजनी धरणातला ताजा मासा त्यांनी मला आग्रह करकरून वाढला. असा गोड मासा मी समुद्राजवळ राहूनही क्वचितच खाल्ला असेल.

सकाळी ट्रक उसाने शिगोशीग भरून, एकही गचका न खाता फडातून बाहेर पडला. मुकादमाने नुसती मान हलवली आणि टोळीला पुढच्या सरीत पाठवलं.

संध्याकाळी मी आणि ताई अंगणात बसलो होतो. तिची नजर सारखी उसाच्या शेंड्यांवर जात होती. "धूर दिसला की मी च्या ठिवायची," ती म्हणाली. "आता आल्यालं कळायचं कसं?" थोड्या वेळाने तिने हात वर केला. मला काहीच ऐकू येत नव्हतं. मग फार लांबून टर्बोची बारीक शिट्टी आली. तोवर ताई उठून चुलीपाशी गेली होती.

चिपळूणला आमच्या घरामागून घाट सुरू होतो. ट्रकच्या आवाजाला कंटाळून मी आजवर खिडकी लावून घेत आलो. आता चढावर एखादं इंजिन गचके खायला लागलं, की खिडकीशी गेलेला मी तसाच उभा राहतो, तो ट्रक वर पोचेपर्यंत.